परत आलेल्या एक्केचाळीस कॅसेटी

बॉबिनच्या जाहिरातीतल्या बाईचं नाव आईनं 'न्यूमोनिया' ठेवलं होतं. ती बाई बर्फाच्या डोंगरावर, ड्रॅगनसमोर तलवार उपसून उभी होती आणि चिलखत म्हणून तिच्या अंगावर जेमतेम चार पत्रे होते. "आपल्या मोरकॅमच्या गारठ्यात, बंदरावर पाच मिनिटं उभी करा हिला," आई म्हणायची, "ड्रॅगनची गरजच पडायची नाही." चित्राच्या वर पिवळ्याजर्द अक्षरांत होतं: 'प्रोग्रॅमिंगचं एक अक्षर नको! स्वतःचा गेम स्वतः बनवा! उद्याचे लक्षाधीश तुम्हीच!' आणि खाली कोपऱ्यात कात्रीनं कापायचं कुपन, त्यावर आमच्या घरचा पत्ता.

जाहिरात माझ्या क्लिफमामानं दिली होती, कंप्युटरच्या मासिकात, पानभर. बॉबिन त्यानंच बनवला होता. दिवसा तो टीव्ही दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात, दोन वर्षं खपून, त्यानं ही प्रोग्रॅमची कॅसेट तयार केली; टेपरेकॉर्डरमध्ये लावली की प्रोग्रॅम कंप्युटरवर चढतो. बॉबिन हा गेम नव्हता, गेम बनवायचं यंत्र होतं. तुम्ही त्याला सांगायचं, इथे एक खोली आहे, उत्तरेला दार आहे, दाराला कुलूप आहे, किल्ली अमुक ठिकाणी आहे. तो ते सगळं विणून त्याचा गेम करून द्यायचा. मग दुसरा कोणी बसून टाइप करणार 'उत्तरेला जा', 'किल्ली घे', आणि पडद्यावर तुमची वाक्यं उमटणार. आजी गिरणीत सुताची बॉबिनं बदलायची, म्हणून हे नाव. गेम बनवून विकलात तरी मामा एक पैसा मागायचा नाही. फक्त गेमच्या सुरुवातीला 'बॉबिनवर विणलेला' एवढं लिहा, अशी विनंती होती.

विक्री मात्र आईच्या हातात. आई अकरा वर्षं आमच्या पुढच्या खोलीतून स्वेटरचे नमुने पोस्टानं विकत होती. पाकिटं तीच, तराजू तोच, 'अठ्ठावीस दिवसांत माल मिळेल' हा शिक्कासुद्धा तोच. एकदा पाकिटांची अदलाबदल होऊन डेव्हनमधल्या एका बाईंना बाळाच्या जॅकेटच्या नमुन्याऐवजी बॉबिन गेला. त्यांचं पत्र आलं: जॅकेट अजून मिळालेलं नाही, पण घाई नाही, सध्या मी पाद्र्याच्या बंगल्यात एक खून घडवते आहे.

ते पत्र मी शाळेच्या वहीत चिकटवलं. शाळेतून आल्यावर टपाल फोडायचं काम माझं होतं, आणि मला दिवसरात्र एकच प्रश्न पडलेला असायचा: हे लोक बनवतात तरी काय? कुपनावर नाव, पत्ता, कोणता कंप्युटर, बस. तुरुंगातला एक पहारेकरी होता. एक दंतवैद्य होता. ऑर्कनीच्या बेटावरून एकानं दोन मागवले होते, दोन! कशाला?

"मॅक्सीन, आपण हातोडे विकतो," मामा म्हणायचा. "लोक त्यानं कपाट ठोकतात की स्वतःचं बोट, ते आपल्याला कळत नसतं."

"पण तुला जाणून घ्यावंसं वाटत नाही?"

"मला झोपावंसं वाटतं."

मला मात्र जाणून घ्यावंसं वाटायचं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. मग एकदा भूगोलाच्या बाईंनी भरतीचं गणित फळ्यावर चुकवलं आणि मी उठून सांगितलं. आमच्या खाडीत भरतीची वेळ चुकली तर माणसं बुडतात, गप्प कशी बसणार? आभाळ कोसळलं नाही. बाई म्हणाल्या, "बरोबर." त्या दिवसापासून माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच, असं आई म्हणते.

शरद ऋतूत मोठी गोष्ट घडली. देशभर दुकानं असलेल्या एका कंपनीनं नाताळसाठी तीन हजार बॉबिन घेतले. मामानं त्या रात्री सगळ्यांना फिश अँड चिप्स आणले आणि स्वतः एक चिपही खाल्ला नाही, नुसता हसत बसला. जानेवारी संपला आणि कंपनीकडून एक खोकं आलं. आत एक्केचाळीस कॅसेटी. प्रत्येकीला रबरबँडनं दुकानाची चिठ्ठी बांधलेली: गिऱ्हाइकाचं नाव, फोन, आणि तक्रार. 'चालत नाही.' 'चालत नाही.' 'आधी चालली, मग चालत नाही.' सोबत पत्र होतं. कंपनीचे खरेदी बघणारे मिस्टर पिकरिंग पुढच्या आठवड्यात गुरुवारी चार वाजता येतील. समाधानकारक खुलासा न झाल्यास दुकानांतला उरलेला सगळा माल परत पाठवण्यात येईल.

सगळा माल परत म्हणजे बॉबिन संपला. मामानं त्याच संध्याकाळी टीव्हीच्या शोरूममधल्या पूर्णवेळ नोकरीचा अर्ज कपाटातून काढून टेबलावर ठेवला, आणि वर चहाचा कप ठेवला, जसा काही तो अर्ज उडून जाणार होता.

त्यानं तीन कॅसेटी लावून पाहिल्या. तिन्ही चढल्या नाहीत. "कॅसेट भरणाऱ्या कारखान्यानं घाण केलीय," तो म्हणाला आणि कारखान्याला दोन पानी पत्र लिहिलं. कारखान्याचं उत्तर पाच ओळींचं आणि अतिशय सभ्य होतं: आम्ही आमची प्रत तपासली, ती उत्तम चालते.

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा ते खोकं जिन्याखाली व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी पडलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उचललं.

आता, कॅसेटवरचा प्रोग्रॅम चढताना कसा किंचाळतो हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच ठाऊक. इतरांना मांजर, शिट्टी आणि मिक्सर यांचं भांडण वाटेल. मला मात्र बॉबिनचा आवाज पाठ होता, शेकडो वेळा ऐकलेला: आधी लांब सरळ सूर, मग एक चिवचिव, मग पुन्हा सूर, आणि मग सलग चार मिनिटं खरखर. मी परत आलेली पहिली कॅसेट नुसती ऐकायला लावली. लांब सूर आला. चिवचिव आली. मग खरखर आली आणि एका मिनिटात थांबली. आणि त्यानंतर, अर्ध्यातून, बॉबिनची खरखर सुरू झाली! जशी काही बॉबिनच्या डोक्यावर कुणी दुसऱ्याच कुणाची टोपी घातली होती.

दुसरी कॅसेट. तसंच, पण टोपी दीड मिनिटाची. तिसरी, चाळीस सेकंदांची.

बिघडलेल्या कॅसेटी सगळ्या सारख्या बिघडतात, नाही का? ह्या प्रत्येक वेगळ्या होत्या. ही बिघाडाची खरखर नव्हती. कोणीतरी काहीतरी भरलं होतं.

मी आधी चांगल्या कॅसेटवरून बॉबिन चढवला, आणि मग त्याला सांगितलं की आता एक तयार गेम वाचायला घे. परत आलेली कॅसेट लावली. एक मिनिट किंचाळी. पडदा काळा झाला, आणि त्यावर उमटलं:

'तू तुझ्या भाजीच्या मळ्याच्या फाटकाशी उभा आहेस. उत्तरेला तुझी शेड आहे. पश्चिमेला टॅटरसॉलचा मळा आहे. त्याचा भोपळा तुझ्या भोपळ्यापेक्षा मोठा आहे. भोपळ्यांचं प्रदर्शन शनिवारी आहे.'

मी ओरडले. आई पुढच्या खोलीतून धावत आली, हातात अर्धं विणलेलं काहीतरी.

"काय झालं? शॉक बसला?"

"आई, ह्यांच्यात गेम आहेत! लोकांनी बनवलेले!"

आईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. मग हळूच म्हणाली, "टॅटरसॉलला मारता येतं का?"

मी टाइप केलं, 'टॅटरसॉलला मार.' उत्तर आलं: 'टॅटरसॉल तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. विचार सोड.'

चहाच्या वेळेपर्यंत मी नऊ कॅसेटी पाहिल्या. एका नर्सचा वॉर्ड होता, त्यात मेट्रन यायच्या आत हरवलेली कवळी शोधायची. एका शाळकरी मुलानं बसस्टॉप बनवला होता आणि बस कधीच येत नव्हती. मला वाटतं त्यालाही ठाऊक नव्हतं की ती आणायची कशी. एका गेममध्ये ड्रॅगन होता खरा, पण तो चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये टेबल लावून बसला होता. आणि एकात फक्त चार खोल्या होत्या. कुठल्याही खोलीत गेलं की लिहिलेलं: 'बाबा इथे नाहीत.' तो मी दोनदा पाहिला. मग बंद केला आणि चिठ्ठीवरचं नाव वाचलं नाही.

आई माझ्यामागे उभी होती. तिनं टेबलावरची एक कॅसेट उचलली, उलटी केली, पाठीवरून बोट फिरवलं.

"मॅक्सीन," ती म्हणाली, "हिच्या टिकल्या शाबूत आहेत."

कॅसेटच्या पाठीवर दोन्ही कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या टिकल्या असतात. त्या तोडल्या की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही, म्हणजे आतलं पुसता येत नाही. पोस्टानं जाणाऱ्या प्रत्येक बॉबिनच्या टिकल्या आई टीव्हीसमोर बसून विणकामाच्या सुईनं तोडायची. टक, टक. आमच्या घरात मालिकांना पार्श्वसंगीत तेच होतं. पण दुकानांचे तीन हजार कारखान्यातून थेट गेले होते.

मामा सहा वाजता आला. आईनं कॅसेट त्याच्या नाकासमोर धरली.

"क्लिफर्ड, ह्या का नाही तोडल्या?"

"मीच सांगितलं नका तोडू म्हणून. उरल्या असत्या तर पुसून परत वापरता आल्या असत्या. तीन हजार कॅसेटी, डोरीन! फुकट घालवायच्या?"

"म्हणजे तू विकायच्या आधीच न विकल्याची सोय करून ठेवलीस."

"ह्याला काटकसर म्हणतात. आपल्या आईनं शिकवलेली."

"आई रिबिनी इस्त्री करून परत वापरायची. भेट दिल्यावर काढून नाही घ्यायची."

मी तेवढ्यात माहितीपुस्तक उघडलं. ते मामानंच लिहिलेलं. पान तीन: 'बॉबिन चढल्यावर कॅसेट संपूर्ण मागे फिरवून ठेवावी.' शहाणा सल्ला. पान एकोणीस: 'आपला गेम जतन करण्यासाठी रेकॉर्ड आणि प्ले ही बटणं एकदम दाबावीत.' हाही बरोबर. फक्त तीन आणि एकोणीसच्या मध्ये कुठेही लिहिलं नव्हतं की आमची कॅसेट काढा आणि स्वतःची कोरी कॅसेट घाला.

मामानं ती दोन पानं वाचली. पुन्हा वाचली. "पण हे कोणालाही कळेल! कोण गाढव बॉबिनवरच स्वतःचा गेम भरेल?"

"एक्केचाळीस जण," मी म्हणाले. "दुकानापर्यंत चालत गेले तेवढेच. बाकीचे घरी शिव्या देत बसले असतील."

"पोस्टाच्या गिऱ्हाइकांना बरं कळलं!"

"त्यांचं बटणच खाली गेलं नाही, मामा. म्हणून त्यांनी दुसरी कॅसेट शोधली. त्यांना तुझ्या पुस्तकानं नाही वाचवलं. आईच्या सुईनं वाचवलं."

मामा खाली बसला. आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या पहिल्या वर्षी मी एका स्वेटरच्या नमुन्यात 'दुसऱ्या बाहीसाठी हेच पुन्हा करा' लिहायचं विसरले होते. सत्तावीस बायकांनी एका बाहीचे स्वेटर विणले. एकीनं फोटो पाठवला. मला हसू येईना, कारण तिनं नमुन्यात लिहिलं होतं तसंच विणलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नमुना मी आधी शेजारच्या एडनाकडून विणून घेते. एडनाला काही येत नाही, म्हणून."

"गुरुवारी मी कारखान्याचीच चूक सांगणार," मामा कपात बघत म्हणाला. "कारखान्याची चूक असली तर ते म्हणतील, नवा माल द्या. माझी चूक असली तर म्हणतील, हा माणूस बिनकामाचा."

"पण कारखान्याची चूक नाहीच आहे!"

"मॅक्स, तू पंधरा वर्षांची आहेस."

"तरी पान एकोणीस मला वाचता येतं!"

आई म्हणाली, "पुरे." पण मला म्हणाली की मामाला, ते कळलं नाही. बहुतेक दोघांना.

बाकीच्या कॅसेटी मी रोज संध्याकाळी पाहून संपवल्या, पण त्या भोपळ्याच्या गेममध्ये अडकले होते. शेडला कुलूप होतं. आतून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. किल्ली कुठेच नव्हती. मी कुंड्या उलटल्या, बाकाखाली पाहिलं, टॅटरसॉलच्या कुत्र्याला बिस्कीट दिलं. मंगळवारी गणिताच्या तासाला मी वहीत भाजीच्या मळ्याचा नकाशा काढला. बुधवारी मला राहवेना. चिठ्ठीवर नाव होतं: डब्ल्यू. ऑग्डन, रॉटनस्टॉल. फोन नंबरही होता. आई म्हणाली, "दुसऱ्याचं पाकीट फोडून वाचल्यासारखं आहे हे. फोन कर, पण आधी माफी माग."

"हॅलो? मिस्टर ऑग्डन? मी मॅक्सीन हेस्केथ बोलतेय, बॉबिनवाली."

"कसलीवाली?"

"बॉबिन. तुम्ही कॅसेट परत केलीत ना?"

"हं! ती टाकाऊ कॅसेट! ऐक पोरी, मी बेचाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलीत. दांडा ओढला की सिग्नल पडलाच पाहिजे. तुमच्या त्या वस्तूनं पहिले चार दिवस, कंप्युटर बंद केला नाही तोवर, माझं ऐकलं आणि पाचव्या दिवशी बसली गप्प."

"तुमची चूक नव्हती. आमची होती." मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझा गेम त्या कॅसेटवर आहे? अजून आहे?"

"आहे. मी खेळले. परवानगी न घेता. माफ करा."

"कंप्युटर नातवासाठी घेतला होता. त्याला आठवड्यात कंटाळा आला. मग मीच..." ते खाकरले. "कुठवर पोचलीस?"

"शेड. किल्ली कुठे आहे?"

"हा!" ते इतक्या मोठ्यानं हसले की मी फोन कानापासून लांब धरला. "नाही सांगणार! आणि ते सांगितलं तरी उपयोग नाही, मी तिथवर बनवलंच नव्हतं. ती इथे आहे, माझ्या डोक्यात."

"उद्या आमच्याकडे एक साहेब येणार आहेत. त्यांना तुमचा गेम दाखवू? त्यांनी नाही म्हटलं तर बॉबिन बंद होणार."

"अर्धवट आहे तो."

"चालेल."

"दाखव मग. आणि त्यांना सांग, टॅटरसॉल खराखुरा आहे आणि तो भोपळ्याला साखरपाणी पाजतो."

गुरुवारी मी शाळेतून पळतच आले. मिस्टर पिकरिंग आधीच येऊन पोचले होते. पुढच्या खोलीत, लोकरीच्या गुंड्यांमध्ये, ओला रेनकोट न काढता बसले होते. उंच, हडकुळे, आणि चेहरा असा की जन्मभर त्यांना कोणी ना कोणी काहीतरी विकतच आलंय. आईनं त्यांच्यापुढे टोस्टवर लोणी घातलेली कोळंबी ठेवली होती. त्यांनी हात लावला नव्हता.

"अडचण अशी आहे, मिस्टर शार्पल्स," ते मामाला सांगत होते, "की कॅसेटच्या डबीवरही तोच ड्रॅगन आहे. आम्ही गेमच्या फळीवर ठेवतो. पोरं ड्रॅगन बघून घेतात. घरी जाऊन बघतात तर ड्रॅगन नाही. कोरा पडदा. 'नवी खोली बनवा.' आणि वर एक्केचाळीस चालतसुद्धा नाहीत."

"ती कारखान्याची..." मामानं सुरुवात केली.

मी दारातच उभी होते, दप्तर पाठीवर. "मामा, चार मिनिटं दे."

"ही कोण?" मिस्टर पिकरिंग म्हणाले.

"भाची," मामा म्हणाला. "हिचं तोंड गेल्या वर्षी उघडलं."

मी कंप्युटर आणि त्याला जोडलेला टीव्ही सुरू केला आणि मिस्टर पिकरिंगना माझी खुर्ची दिली. बॉबिन चढू लागला. कॅसेट किंचाळत असताना माणसांना बोलता येत नाही, हे मी धरलंच नव्हतं. चार मिनिटं आम्ही चौघं त्या आवाजात एकमेकांकडे बघत बसलो. तिसऱ्या मिनिटाला काहीतरी करायचं म्हणून मिस्टर पिकरिंगनी कोळंबी खाल्ली. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरा टोस्ट घेतला. मग मी ऑग्डनची कॅसेट लावली.

'तू तुझ्या भाजीच्या मळ्याच्या फाटकाशी उभा आहेस.'

"ह्यात ड्रॅगन कुठे आहे?" मिस्टर पिकरिंग म्हणाले.

"पश्चिमेला जा म्हणा," मी म्हणाले.

ते दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. टॅटरसॉलचा भोपळा आला. त्यांनी तोंडानं 'च्च' केलं. मग माझ्याकडे न बघता स्वतःच टाइप केलं: 'भोपळ्याला सुईनं टोच.' पडद्यावर आलं: 'लाज वाटत नाही? शिवाय तुझ्याकडे सुई नाही.' मिस्टर पिकरिंगच्या घशातून एक विचित्र आवाज आला. आईला वाटलं कोळंबी अडकली, पण ते हसू होतं.

त्यांनी रेनकोट काढला. कुंड्या उलटल्या. बाकाखाली पाहिलं. कुत्र्याला बिस्कीट द्यायचं त्यांना माझ्यापेक्षा लवकर सुचलं. शेडपाशी आले, कान लावला, पाणी ठिबकत होतं. त्यांची परतीची पाच दहाची गाडी स्टेशनातून सुटल्याची शिट्टी आम्हाला ऐकू आली. त्यांना आली नाही.

"किल्ली," ते शेवटी म्हणाले. "किल्ली कुठे आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे? शेवट काय आहे?"

"शेवट नाहीये. ज्यांनी हा बनवला त्यांना वाटलं कॅसेट बिघडली, म्हणून त्यांनी परत केली. ही त्या एक्केचाळीसपैकीच एक."

ते खुर्चीत वळले. आधी माझ्याकडे, मग मामाकडे पाहिलं. आई सुई हातात धरून थांबली होती. मला बोलायचं होतं, शपथ, जीभ वळवळत होती. पण हे मी बोलून चालणार नव्हतं.

मामा उठला. "कारखान्याची चूक नाही," तो म्हणाला. "माझी आहे. मी टिकल्या तोडू दिल्या नाहीत. आणि माहितीपुस्तकात दुसरी कॅसेट घाला हे लिहायचं विसरलो. लोकांनी मी लिहिलं तसंच केलं. कॅसेटी चांगल्या होत्या. आता त्यांच्यात लोकांचे गेम आहेत. प्रत्येकाचा गेम चांगल्या कॅसेटवर उतरवून, सोबत नवा बॉबिन घालून, मी परत पाठवणार आहे. तुम्ही माल ठेवलात तरी, नाही ठेवलात तरी."

मिस्टर पिकरिंगनी टोस्टची रिकामी बशी बाजूला सारली.

"सगळ्या एक्केचाळीसमध्ये असं काही ना काही आहे?"

"दोन खरंच मोडलेल्या आहेत," मी म्हणाले. "एकीत कोणाचं तरी लग्न रेकॉर्ड झालंय. बाकी सगळ्यांत आहे."

"आणि ड्रॅगन किती?"

"एक. तो जुने दिवे विकतो."

ते उठून कोट घालू लागले. एक बाही घालून ते थांबले. "आम्ही चुकीच्या फळीवर ठेवलं," ते जणू कोटाशी बोलत होते. "गेमच्या नाही. कोऱ्या कॅसेटींच्या शेजारी ठेवायला हवं. माणूस बॉबिन उचलेल आणि त्याच हातानं कोरी कॅसेटही उचलेल." मग मामाला म्हणाले, "दुकानांतला माल इथे पाठवतो. पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या टिकल्या तोडून, आत चिठ्ठी घालून परत. जमेल?"

"जमेल," मामाच्या आधी आई म्हणाली.

"ड्रॅगन राहू दे. लांबून दिसतो."

"ड्रॅगन राहू दे," आई म्हणाली, "पण त्या पोरीच्या अंगावर काहीतरी घालू."

पुढचे पंधरा दिवस आमच्या पुढच्या खोलीत आईचं अख्खं विणकाम मंडळ बसलं होतं, एडनासकट. दोन हजार दोनशे कॅसेटी, दोन दोन टिकल्या. टक, टक, टक, टक. चिठ्ठी मी लिहिली आणि आईनं ती एडनाला वाचायला दिली. एडनानं विचारलं, "कोरी कॅसेट म्हणजे कुठली?" म्हणून मी पुन्हा लिहिली. जाहिरातही बदलली. न्यूमोनियाच्या अंगात आता आईच्या नमुना क्रमांक बाराचं जाड कार्डिगन आहे, आईनं स्वतः शाईनं काढलेलं, बटणांसकट. लक्षाधीशाची ओळ काढून तिथे माझी ओळ आहे: 'एकानं भोपळा बनवला. एकीनं हरवलेली कवळी. एक बस अजून यायचीय. तुम्ही काय बनवाल?' ज्यांचे गेम त्यांना विचारूनच छापलं. चार खोल्यांच्या गेमबद्दल मी कोणालाच विचारलं नाही. तो नव्या कॅसेटवर उतरवला, पाकिटात घातला आणि पत्ता आईला लिहायला सांगितला.

मामाचा नोकरीचा अर्ज अजून टेबलावर आहे. आता त्याच्यावर चहाचे सात गोल डाग आहेत आणि मागच्या बाजूला बॉबिन-दोनचा आराखडा.

काल दोन टपालं एकदम आली. एक मिस्टर पिकरिंगच्या कंपनीची नवी मागणी, टाइप केलेली, सही-शिक्क्यासकट. तळाशी पेनानं, घाईघाईत लिहिलेलं होतं: 'किल्लीचं काही कळलं का?'

दुसरं रॉटनस्टॉलहून. जाड पाकिटात एक कॅसेट. टिकल्या तोडलेल्या होत्या, बहुतेक स्क्रूड्रायव्हरनं, कारण प्लॅस्टिकचा कोपराही गेला होता. मी ती चढवली, फाटकाशी उभी राहिले, आणि तासाभरात शेड उघडली. किल्ली जिथे होती ती जागा मला पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. पाणी का ठिबकत होतं तेही कळलं, आणि टॅटरसॉलला जे मिळायला हवं ते मिळालं.

मी कॅसेटची एक प्रत केली, आईकडून सुई घेतली आणि तिच्या टिकल्या तोडल्या. मग मिस्टर पिकरिंगना पत्र लिहिलं. आई म्हणाली, मोठ्या गिऱ्हाइकाला नीट, सभ्य भाषेत लिही, त्यानं विचारलंय ते सांग.

मी नीट लिहिलं. 'महाशय, आपली मागणी मिळाली. सोबत एक कॅसेट जोडली आहे. किल्ली मला सापडली. तुम्ही शोधा.'